कागदावरची झोप

मी पवनारहून वर्ध्याला शाळेत शिकवायला जायचे, तेव्हा महिन्यातून एकदा गावातली एक बाई बसमध्ये माझ्या शेजारी बसायची. तिच्या मांडीवर दवाखान्याची फाइल. आतली डॉक्टरांची चिठ्ठी जागेवर आहे ना, हे दर दोन मिनिटांनी उघडून बघायची. झोप लागत नाही, जीव घाबरतो म्हणून मनाच्या डॉक्टरकडे जाते, हे तिनं पहिल्याच भेटीत अर्ध्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं होतं.

एकदा तिनं ती चिठ्ठीच माझ्या हातात दिली. "वाचा बरं, मॅडम."

गोळ्यांच्या खाली लिहिलं होतं : दुपारी एक तास झोप. कोणी उठवू नये.

"हे मीच डॉक्टरकडून लिहून घेतलं," ती हसली. "तोंडानं सांगतलं तं घरी कोणी आयकत नाई. कागदाले मानतात. आता सासूच दाराशी बसून पोरायले हाकलते!"

परवा बसमधून उतरून ती थेट झेरॉक्सच्या दुकानात शिरली. मीही मागोमाग गेले.

चिठ्ठी पुढे करत ती म्हणाली, "गल्लीतल्या सात जणींले पाह्यजे. गोळ्या नको म्हणतात, खालची ओळ तेवढी."

"पण वर नाव तुमचं आहे!" मी म्हटलं.

"अंगठा ठेवीन ना नावावर."

मला रोज पहाटे उठून घरच्यांसाठी भरायचे डबे आठवले. दुकानदाराला म्हटलं, "सात नको, आठ काढा."