कांबळ्याखालचे तात्या

गाड्या दुरुस्त करणारे तात्या मोहिते भर दुपारी चालू इंजिनावर काळं कांबळं पांघरायचे आणि स्वतःचं डोकंही त्यात घालायचे. पडाव मोहल्ल्यातल्या त्या गल्लीतून जाणारा नवखा माणूस थबकून बघत राही. आत इंजिनाची घरघर, बाहेर फक्त दोन पाय आणि ग्रीसने माखलेल्या चपला. "ठिणगी चोर असते, उजेडात सापडत नाही ती," असं त्यांचं म्हणणं. फिरत्या पंख्यापासून त्यांचं नाक जेमतेम वीतभर लांब असे. मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून डोळे मिटून घ्यायचो.

मी जन्माचा भित्रा. शाळेत गणित शिकवतो, रस्ता ओलांडताना तीनदा बघतो. माझा धाकटा भाऊ नितीन अगदी उलटा. आमच्याकडे वडिलांची एक जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी होती, बिचारी घाण्याच्या बैलासारखी सावकाश चालायची. श्रावणात नितीनने तिला मोठा कार्ब्युरेटर बसवला, ठिणगीसाठी जास्त जोराची कॉइल लावली, सायलेन्सर बदलला. "दादा, अब देखना, गाडी उडेल!" म्हणाला. दीड-दोन महिने खरंच उडाली. दसरा झाला आणि ती मिसिंग मारायला लागली. मधेच धक्के द्यायची, मागून फाट्‌कन आवाज काढायची आणि जीव सोडायची. एकदा पडावच्या पुलावर चढावाला बंद पडली तेव्हा मागे वाळूचा ट्रक होता. त्याच्या ब्रेकचा आवाज मला अजून ऐकू येतो.

दोन ठिकाणी प्लग बदलून झाले, कार्ब्युरेटर धुऊन झाला. दुखणं तसंच. आणि शनिवारी नितीनला झाशीला जायचं होतं. सव्वा महिन्याच्या लेकीला आणि माधवीला, म्हणजे त्याच्या बायकोला, माहेराहून आणायचं होतं. मी म्हटलं ट्रेनने आण. तर "मेरी बेटी अपनी गाडी में आएगी," हा त्याचा हट्ट. हायवे, ट्रकची रांग आणि मधेच मरणारी गाडी, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. बुधवारी मीच त्याला तात्यांकडे ओढून नेलं.

तात्यांनी आधी चारही चाकांना विटा लावल्या. सपाट जमीन, हँडब्रेक ओढलेला, तरी विटा. नितीन हसला. "तात्या, इतकं कशाला डरता?"

"डरतो म्हणून तर साठी गाठली," तात्या शांतपणे म्हणाले. "भ्यायचं, पण नीट बघून भ्यायचं. न बघता भितो तो पळतो, आणि बघून भितो तो विटा लावतो."

त्या दिवशी काही सापडलं नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी सकाळी नितीन चिडला. "छोड़ो तात्या, आता तर स्टार्ट होऊन राहिली आहे ना? मी घेऊन जातो." तात्यांनी किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून बटण लावलं.

"चालू झाली म्हणजे बरी झाली असं नाही, बेटा. एकदा मी असंच दिलं होतं सोडून. गिऱ्हाईक घाईत होतं. गाडी ट्रकसमोर बंद पडली. तो वाचला. त्याची बायको नाही वाचली." एवढंच बोलून ते पुन्हा बॉनेटकडे वळले.  

दुपारी आई आली. जयेंद्रगंजच्या आमच्या घरून रिक्षाने, तात्यांना गाडी द्या म्हणून गळ घालायला. तिला नातीचं तोंड बघायचं होतं. ती पोचली तेव्हा तात्या इंजिन चालू करून कांबळ्यात होते आणि मी किल्लीपाशी बसलो होतो. अचानक आतून ओरडले, "बंद कर! बंद कर!" मला वाटलं, गेला हात पंख्यात. मी किल्ली फिरवली. तात्या बाहेर आले ते हातात लाल दोरा घेऊन.

आमचे पूर्वज दख्खनेतून इकडे उत्तरेत तलवारी घेऊन आले. आता घरात भाजी चिरायच्या विळीपलीकडे शस्त्र नाही. म्हणून खंडेनवमीला आई गाडीचं इंजिन पुजते. हळदकुंकू, पाण्याचे शिंतोडे आणि वर पूजेचा दोरा. यंदाही तिने तो दरसालसारखा प्लगांच्या चारही तारांना मिळून घट्ट बांधला होता, तारा लोंबत होत्या, वाईट दिसत होत्या म्हणून. पूजेचा म्हणून त्याला कुठल्या मेकॅनिकने हात लावला नव्हता. प्रत्येक तार आपापल्या पाळीने ठिणगी नेते. एकीची वीज कुंकवाने माखलेल्या दोऱ्यातून दुसरीत शिरत होती आणि इंजिनाला भलत्याच वेळी ठिणगी मिळत होती.

नितीन "आई, ये तूने..." एवढं बोलून थांबला. आईचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्या हातून झालं? नातीच्या जिवावर उठले असते मी?"

"नाही वहिनी," तात्या म्हणाले. "तुम्ही दरसाल बांधता, कधी काही झालं? दोरा तोच आहे. विजेचा जोर पोराने वाढवला आणि तारा मात्र बापाच्या वेळच्या ठेवल्या. चूक झालीच तर त्याची." मग नितीनकडे वळून, "जोर वाढवायचा तर आधी तो सोसणारं बघावं."

नव्या तारा आणून त्यांनी एकमेकींपासून दोन-दोन बोटं दूर बसवल्या. दोरा आईच्या हातून स्टिअरिंगला बांधून घेतला. गाडी घड्याळासारखी चालू लागली, तरी किल्ली दिली नाही. स्वतः नितीनशेजारी बसले, मला मागे बसवलं आणि गाडी पुलावर न्यायला लावली. वर, खाली, परत वर. मी मागून त्यांची मान बघत होतो. घामाने भिजली होती. एका हाताने डॅशबोर्ड इतका घट्ट धरला होता की नखं पांढरी झाली. तेव्हा कळलं, हा माणूस माझ्याहूनही जास्त भितो, आणि तरी दुरुस्त केलेल्या प्रत्येक गाडीत आधी स्वतः बसतो.

शनिवारी दुपारी नितीन, माधवी आणि बाळ सुखरूप आले. घर गजबजून गेलं.

मागच्या हिवाळ्यात तात्या झोपेतच गेले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "तुमच्या घरची ती झाशीची गाडी होती ना? त्या दिवशी हे सकाळपासून फोनजवळ बसले. जेवले नाहीत. मी म्हटलं, पोचले असतील, जेवून घ्या. म्हणाले, फोन येऊ दे. संध्याकाळी मग पायी तुमच्या गल्लीत गेले. गाडी दारात उभी दिसली, आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा परत आले आणि भाकरी मागितली."

त्यांना कळवायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.