गुरुजींच्या शाळेचं पान

गुरुजी तलासरीपलीकडून दोन एसट्या बदलून डहाणूला यायचे. शिक्षकांना वेबसाइट बनवायला शिकवण्याचं ते पाच दिवसांचं शिबिर. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि अशी शिबिरं घेऊन घेऊन मी विटलो होतो.

खुर्चीवर आधी रुमाल पसरायचा, मग बसायचं, ही त्यांची रीत. एका बोटाने टाइप करताना, पहिलीच्या पोरांना वाचून दाखवावं तसं प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायचे. टॅग, म्हणजे मजकुराच्या आधी नि नंतर द्यायची कंसातली खूण, सुरू केला की म्हणायचे, "दार उघडलं." संपवला की, "दार लावलं." बाकीचे दार लावायला हमखास विसरायचे. गुरुजी एकदाही नाही.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या शाळेचं पान केलं. पानांवर बाकी सगळ्यांच्या शाळा सुसज्ज होत्या. गुरुजींनी लिहिलं होतं, 'एक खोली आहे. पावसाळ्यात छप्पर गळतं, तेव्हा शाळा देवळात भरते.'

"गुरुजी, दुपारी शिक्षण खात्याचे साहेब बघायला येणार आहेत. जरा बरं लिहा ना."

"सर, हे जगात कुठूनही दिसतं, असं तुम्हीच म्हणालात. मग खोटं कसं लिहू?"

मला वाद नको होता, फक्त सुटायचं होतं. ते जेवायला गेले तेव्हा मी ते पुसून 'प्रशस्त इमारत' लिहिलं. साहेब खूश झाले.

निघताना गुरुजींनी पान उघडून वाचलं. हजेरीवर सही केली, रुमालाची घडी खिशात घातली आणि पान साठवून घरी न्यायला दिलेली फ्लॉपी माझ्यासमोर ठेवली.

"ही तुमची शाळा, सर. तुमच्याकडेच राहू द्या."