जुना पत्ता खोडणे

लातूरपासून देगलूरपर्यंत आमच्या क्लासवाल्या सरांइतका कंटाळवाणा माणूस दुसरा जन्मला नसेल, आणि जन्मला असेल तर त्याने निदान कॉम्प्युटरचा क्लास तरी काढला नसेल. लातुरात एका बियाण्यांच्या दुकानावर, पत्र्याखाली, चार कॉम्प्युटर आणि एक टेबलफॅन मांडून सर सी भाषा शिकवत. मी त्यांच्या हाताखाली शिकवायला होतो. सर उदगीरच्या आडत्याचे चिरंजीव. वडिलांनी जन्मभर ज्वारी मोजली, यांनी अक्षरं मोजली. सी भाषेत एखादं नाव साठवायचं तर आधी त्याची अक्षरं मोजायची, तेवढी जागा मशीनकडून मागून घ्यायची, नाव संपल्याची खूण ठेवायला एक जागा जास्तीची मागायची, आणि काम झालं की सगळी जागा परत करायची. कुठल्याही बऱ्या डोक्याच्या मुलाला हे अर्ध्या तासात सांगून होतं. सर त्यावर दीड महिना घेत. मी म्हणायचो, "सर, एकदाच शंभर अक्षरांची जागा धरून टाकायची. कशाला पायजे हा कुटाणा?" सर चष्मा कपाळावर ढकलून म्हणत, "जागा तुझ्या बापाची हाय का?"

हे खूळ मशीनपुरतं राहतं तर मी काही बोललो नसतो. पण सर जगायचेही तसेच. कुणाच्या घरी गेले आणि पाणी विचारलं की म्हणत, "पाऊण पेला." तेवढंच पीत, आणि रिकामा पेला खाली न ठेवता देणाऱ्या बाईच्याच हातात देत, ती बाई आत निघून गेली तर पेला धरून उभे राहत. एका लग्नात त्यांनी दोन पुऱ्या मागितल्या आणि वाढप्याने घाईत तीन टाकल्या. सर ती तिसरी पुरी चिमटीत धरून अख्ख्या पंगतीतून त्याच्या मागे फिरले. नवरदेवाकडची माणसं उठून बघायला लागली. मी पानात मान घातली आणि हा माणूस आपल्या ओळखीचा नाही अशा चेहऱ्याने जेवलो. एसटीत त्यांची आणखी वेगळी तऱ्हा. अकरा मुलं घेऊन आम्ही कंधारचा किल्ला बघायला निघालो, तर सरांनी जागा धरल्या चौदा; मुलांच्या अकरा, आमच्या दोन, आणि चौदाव्या जागेवर रुमाल. "शेवटाला एक रिकामी पायजे." गाडी खचाखच भरलेली. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई रुमालाकडे बघून म्हणाली, "ओ मास्तर, ह्या रुमालाचं तिकीट काढलंय का?" गाडीभर हशा. सर लगबगीने उठले, आपली स्वतःची जागा बाईला दिली आणि कंधारपर्यंत दांडीला लोंबकळत आले. रुमाल मात्र ऐसपैस बसून आला.

आणि घरं बदलायचे! लोक घरात माणूस वाढलं की एक खाट वाढवतात. सर घरच बदलत. आई राहायला आली, घर बदललं. मुलगी झाली, घर बदललं. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणत असू, अक्का हताश होऊन म्हणायच्या, "ह्यांच्याकडं एखांदा पाव्हणा जास्ती दिवस राहिला की मला भांडी बांधायचीच धास्ती लागती." प्रत्येक वेळी सर ओळखीच्या सगळ्यांना पोस्टकार्ड टाकत. वर नवा पत्ता आणि खाली एकच ओळ, 'जुना पत्ता खोडणे.' ज्या घरात त्यांचं कपाट मी स्वतः खांद्यावर वाहून नेलं होतं, त्या घराचंही कार्ड तिसऱ्या दिवशी मला आलं.

हे सगळं मी वर्षानुवर्षं चारचौघांत रंगवून सांगत आलो आहे. लोक पोट धरून हसतात आणि मी इथवर येऊन थांबतो. आज थांबत नाही.

ते दुष्काळाचं साल होतं. त्याच साली नवा जिल्हा होणार म्हणून सगळीकडे आवई उठली होती. एका तालुक्याच्या कचेरीने टँकरच्या गावांची यादी छापायचा प्रोग्राम सरांकडे दिला, सरांनी तो माझ्यावर सोपवला. अर्धा झाला तेव्हा तिथल्या साहेबांना हुक्की आली की प्रत्येक गावाच्या नावापुढे होऊ घातलेल्या जिल्ह्याचंही नाव यावं. म्हणजे सगळी नावं लांबणार. आता नाव लांबलं की मशीन ते उचलून दुसऱ्या, मोठ्या जागी नेतं आणि त्या जागेचा पत्ता आपल्याला देतं. आपण नवा पत्ता धरायचा, जुना सोडायचा. सरांनी हे दीड महिना घोकून घेतलेलं. मी कंटाळून एका ठिकाणी जुनाच धरून ठेवला. जुन्या जागेवर अक्षरं काही काळ तशीच पडून असतात, त्यामुळे दहा गावं घालून पाहिली तर यादी अगदी चोख निघाली. सरांनी विचारलं, "सगळ्या ठिकाणी जुना पत्ता खोडला का रे?"

"हाव सर, खोडला," मी म्हणालो. सर प्रत्येक ओळ स्वतः तपासणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी माझ्या शब्दावर सोडून दिलं.

पूर्ण तालुका भरला तेव्हा त्या सोडलेल्या जागेत दुसरंच गाव येऊन बसलं. यादीत एका गावाचं बुद्रुक दोनदा छापलं गेलं आणि खुर्द एकदाही नाही. यादीवर तीन सह्या होत्या. वाचली कोणीच नाही. बुद्रुकला टँकरच्या दुप्पट खेपा सुरू झाल्या, आणि बुद्रुकने अर्थातच तक्रार केली नाही. सहाव्या दिवशी खुर्दच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन कचेरीत आल्या. "त्यांच्याकडं दोन दोन येतेत, आमच्यात माणसं ऱ्हात न्हाईत का?" त्यांच्यातली एक म्हातारी बैलगाडीत पडून होती. तळ गाठलेल्या विहिरीत उतरताना पायरीवरून घसरून तिचा पाय मोडला होता.

साहेबांनी आम्हाला बोलावून घेतलं. सरांनी प्रोग्रामचे कागद मागितले आणि बोट ठेवत ओळ न्‌ ओळ वाचली. माझ्या त्या ओळीवर बोट थांबलं. मी मागेच उभा होतो. त्यांनी वळून पाहिलं नाही. "चूक माझी हाय साहेब," ते म्हणाले. "तपासायचं काम माझं होतं." साहेब मग जे काही बोलले ते सगळं त्यांनी चष्मा हातात धरून ऐकून घेतलं. मी टेबलावरचे कागद गोळा करत राहिलो. बाहेर आल्यावर सर फक्त एवढंच म्हणाले, "जुन्यावर बी लई दिवस चालतंय रे. म्हणून तर भ्याव वाटतंय." पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही. गावात बोभाटा झाला, मुलं येईनाशी झाली, क्लास मोडला, आणि सर नांदेडला गेले. कार्ड आलं. नवा जिल्हा आजतागायत झाला नाही. पण त्याचं नाव त्या यादीत घुसून एका गावाचं पाणी पिऊन गेलं. रस्ता मात्र मी करून दिला होता.

गेल्या उन्हाळ्यात कामासाठी नांदेडला गेलो तेव्हा सगळं सांगून टाकायचं ठरवून त्या पत्त्यावर गेलो. तिथे शिवणक्लास होता. चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "सर का? ते इथून जाऊन लई दिवस झाले. तुमाला कळवलं न्हाई? ते तर सगळ्यायला कार्ड टाकून राहिले होते."

"न्हाई," मी म्हणालो.

हेही खोटं. धर्माबादच्या पत्त्याचं कार्ड दोन वर्षांपासून माझ्याकडे होतं, त्या क्षणी शर्टाच्या खिशातच होतं. ते तिथे भेटणार नाहीत हे ठाऊक होतं, म्हणूनच मी तिथे गेलो होतो. बाईंनी पाणी दिलं. मी पाऊण पेला प्यालो आणि पेला त्यांच्या हातात दिला.

स्टँडवर धर्माबादची गाडी लागलेली होती. मी लातूरच्या गाडीत चढलो आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुणी येनार हाय का?" मी उठून माझी जागा त्याला दिली. लोहा मागे पडलं तरी दांडीला धरून उभा होतो, आणि रुमाल काही माझ्याने उचलवला नाही.