हरेल त्यानं चहा पाजायचा

इंग्रजी भाषा जन्मली साता समुद्रांपलीकडे, पण तिचा शेवटचा निकाल लागायचा तो आष्टीच्या बाजारात, आमच्या बायकोच्या मामांच्या खतबियाणांच्या दुकानात. खुद्द इंग्रजांना हे कुणी कळवलं नाही, नाहीतर त्यांनी तिथे एखादा वकील तरी नेमला असता. मामांचं न्यायासन म्हणजे युरियाची दोन पोती, एकावर एक. ते स्वतः मॅट्रिकला इंग्रजीतच अडकले होते, पण त्याचं त्यांना बिलकुल वैषम्य नव्हतं. "तपासणाऱ्याचं इंग्रजी कच्चं होतं," एवढं बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळत.

बाजाराच्या दिवशी कज्जेदारांची एवढी गर्दी व्हायची, की सरकी घ्यायला आलेल्याला "आधी ग्रामर, मंग कपाशी" असं ऐकून घ्यावं लागे. इज की आर, 'द' कुठे लावायचा, पत्रिकेवर वेडिंग छापायचं की मॅरेज! या शेवटच्या प्रश्नावरून दोन्हीकडचे व्याही हातघाईवर आले होते. मामांनी नवरीकडच्या पत्रिकांवर एक आणि नवरदेवाकडच्यांवर दुसरं छापायला लावून वरात मार्गी लावली. कोर्टाचे नियम दोनच. मामा आधी विचारणार, "भांडण कुणाकुणाचं?" आणि हरेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.

एकदा बियाणं कंपनीचा टायवाला साहेब एका शेतकऱ्याच्या 'ऑफ्टन'ला हसला. साहेबाच्या मते तिथे टी बोलत नाही. मामा कडाडले, "स्पेलिंगात पाहुणा म्हणून आलाय तो! पाहुण्याला मुकं बसवता?" साहेबानं चहा पाजला. पुढच्याच बाजारी एका प्राध्यापकांनी एसटीच्या कंडक्टरला 'ऑफन' म्हटल्याबद्दल चारचौघांत झापलं, तर मामा म्हणाले, "टी मुका हाय, सर. मुक्याला बोलायला लावणारे तुम्ही कोण?" चहा प्राध्यापकांचा. मी चक्रावलो. "मामा, मागच्या बाजारी तर उलटं सांगितलं तुम्ही!"

"जावईबापू," मामा बशीत फुंकर घालत म्हणाले, "मागच्या बाजारी रडकुंडीला दुसराच आल्ता."

आष्टीतलं इंग्रजी त्यामुळे आठवड्याला बदले, पण अपमान गिळून कुणी घरी गेला नाही.

मग जालन्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर असलेला मामांच्या गल्लीतला एक पठ्ठ्या बायकोला घेऊन आला. मुलगी घनसावंगीकडची, लग्न नवं. "मामा, हिला समजवा. इंग्लिश मीडियमच्या बालवाडीत मास्तरीण व्हायला निघाली, अन् बुधवारला वेडनेसडे म्हणून राह्यली! सोमवारी इंटरव्ह्यू हाय. गावात हसं होईल आमचं."

"मी न्हाईच जात," मुलगी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली.

मामांनी क्षणात निकाल दिला, "सूनबाईचं बराबर."

पठ्ठ्या हसला. त्यानं खिशातून फोन काढला, बटण दाबलं, आणि फोनमधली बाई खणखणीत आवाजात 'वेन्सडे' म्हणाली. दुकान खदखदलं. मामांच्या कोर्टात अपील पहिल्यांदाच आलं होतं, आणि तेही थेट विलायतेतून.

"अजून एकदा वाजव," मामा कानामागे हात धरून म्हणाले. ऐकलं. मग हॉटेलाकडे तोंड करून ओरडले, "सगळ्यांना चहा! माझ्या नावावर!" आणि मुलीकडे वळले. "सूनबाई, हारलो मी. फोनचं खरं हाय. पण सोमवारी जा. इंग्रजीत हारून माणूस मरत न्हाई. मी मॅट्रिकपासून हारून राह्यलो, बघ कसा पोत्यावर बसलोय."

ती गेली. लागली नोकरीला. आता आष्टीची चिल्लीपिल्ली वेन्सडे म्हणतात, आणि नवरा तिला गाडीवर बसवून शाळेत सोडतो.

कोर्ट मात्र उठलं. आता ज्याच्या त्याच्या खिशात निकाल. भांडण तिथल्या तिथे मिटतं, चहा कुणीच पाजत नाही. मामा पोत्यावर बसून रस्त्याकडे बघतात आणि सरकी विकतात.

मागच्या बाजारी मी तिथेच होतो. शाळा सुटल्यावर ती मास्तरीण सूनबाई फोन हातात घेऊन पायरीपाशी थांबली. "मामा, एक शब्द अडलाय. फोन असं असं म्हणतो. तुम्ही सांगा."

मामा ताठ बसले. चष्मा पुसला. "भांडण कुणाकुणाचं?"

"कुणाचंच न्हाई, मामा."

मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मंग फोनचंच बराबर असंल," म्हणाले, आणि कुणी हरलेलं नसताना त्यांनी तीन चहा सांगितले.