वन्संची खूण

दुपारी आडवं होऊन वाचताना एक जागा येते. डोळे ओळीवर असतात आणि अर्थ उशीखाली सरकलेला असतो. मी तिथे आहे. ई-पुस्तकांचा रीडर छातीवर, अंगठा त्याच्या कडेला, जपून. काचेवर नाही.

जपायचं कारण आहे. माझ्या नणंदेचं, वेणूवन्संचं, आणि माझं ई-पुस्तकांचं खातं एकच. एकच पुस्तक दोनदा घेणं त्यांना मूर्खपणाचं वाटे. पण यंत्र दोघींत मिळून वाचलेल्या पानाची एकच खूण ठेवतं, जी पुढे गेली असेल तिची. पुढे नेहमी वन्संच. डोळे अधू झाल्यावर त्या बोराएवढी अक्षरं करून वाचायच्या, बोटाला थुंकी लावून काचेवर पान उलटायच्या आणि फोन करून शेवट सांगून टाकायच्या. माणसं मी वाचण्यावरून जोखते. शेवट फोडणाऱ्याला माझ्या हिशेबात क्षमा नाही. वन्संना तेवढी सवलत होती.

श्रावणात डायलिसिसच्या खुर्चीत वाचता वाचता त्या गेल्या. खाणीत गडप झालेल्या नवऱ्याला शोधायला निघालेल्या बाईची कादंबरी अर्धीच राहिली. मी त्यांच्या खुणेच्या पानावरच थांबले आहे. एक पान पुढे गेले की खूण माझी होईल.

"सरक जरा," वन्सं म्हणतात.

खुर्ची त्यांचीच, डायलिसिसची. मी तीत कशी बसले कळत नाही. नळ्या आहेत, आत रक्त नाही. रीडर त्यांच्या हातात.

"वन्सं, तुम्ही तर..."

"गेले. ठाऊक आहे मला. पुढे वाच."

"नाही वाचणार. तुमची खूण पुसेल."

"मग काय, रोज फुलं वाहतेस तिला?"

खुर्चीभोवतीचा पडदा सरकतो, तर मागे आमच्या गल्लीतलं वाचनालय. कपाटं रिकामी. टेबलांशी माणसं बसली आहेत, प्रत्येकाच्या तोंडावर स्क्रीनचा उजेड. पान कोणीच उलटत नाही.

"कोण हो हे?"

"अर्ध्यात राहिलेले. यांच्याही खुणा घरच्यांनी जपल्यात, तुझ्यासारख्या."

वन्सं बोट जिभेला लावतात.

"वन्सं, काच आहे ती."

"असू दे. तुझ्याच्याने होत नाही ना?"

पान उलटतं. समोरचा एक म्हातारा मान वर करून आशेनं बघतो. मला वन्संचा हात धरायचा आहे, हाताला नळीच लागते. पानं सरसर जातात.

"सापडत नाही गं तो," वन्सं फोनवरच्या त्याच आवाजात सांगतात. "ती त्याच्या डब्यातली शिळी भाकरी खाते आणि परत फिरते."

"सांगितलंतच शेवटी."

"मग? आता कोण सांगणार तुला?"

डोळे उघडतात. रीडर छातीवरच आहे. स्क्रीनवर शेवटचं पान. बाई खाणीच्या तोंडाशी बसली आहे, मांडीवर डबा, डब्यात भाकरी. झोपेत माझाच अंगठा घसरला असणार, अशी मी स्वतःची समजूत घालते. अंगठा बघते. कोरडा आहे.

वन्संची खूण आता कुठेच नाही. काचेच्या उजव्या कडेला बोटाचा ओला ठसा आहे. मी तो पुसत नाही. तो आपला आपणच वाळतो आहे.