प्रिंटमध्ये न येणारं गोंदण

अक्कांनी फ्रेम हातात घेतली, क्षणभर बघितली आणि काउंटरवर पालथी ठेवली. “हाई मन्ही माय नही शे.”

सकाळचे साडेदहा झाले होते. साडेअकराला पांझरेच्या काठी त्यांच्या आईचं दहाव्याचं कार्य. बाहेर रिक्षा उभी, तिच्यात त्यांचा भाऊ. म्हातारीचा हा एकच धड फोटो होता, नातवानं मोबाइलवर काढलेला.

मी मूळ फोटो स्क्रीनवर आणला. तेव्हा कळलं. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं. प्रिंटमध्ये चेहरा कोरा.

देवपुरातल्या या स्टुडिओत मला दोन वर्षं झाली. गाव इथून लांब, किनवटकडे. शाळा नववीतच सुटली. आमचे मालक नाना, त्यांनी मार्कशीट विचारली नाही. ‘माउस धर’ एवढंच म्हणाले होते. म्हणून असेल, काही बिघडलं की मला आधी गावाकडची एसटी दिसते.

मी दुरुस्त केलेली फाइल उघडली. तिच्यात गोंदण होतं. म्हणजे गडबड प्रिंटरची. हिरवट रेघा फिक्या पडल्या असतील म्हणून गडद केल्या, प्रिंट काढली. कोरा चेहरा. शाई नीट येते का ते तपासलं. येत होती. पुन्हा प्रिंट. पुन्हा कोरा. स्क्रीनवर आहे आणि कागदावर नाही.

भाऊ आत आला. “व्हई का नही ते सांग भो. नही ते बिगर फोटोनं करी टाकूत.”

अक्का बाकावर बसून होत्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

नाना माझ्यामागे येऊन उभे राहिले. प्रिंटला कसं पाठवतोस, म्हणाले. मी म्हटलं, एफ-फाइव्हनं.

ती आमची ॲक्शन. एकदा करून दाखवलेली कामं सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं आणि एक की दाबली की ओळीनं करत जातं. साइज, रंग, शार्पनेस अशा पायऱ्या, आणि शेवटी प्रिंटच्या फोल्डरमध्ये सेव्ह. नानांनी एकेक पायरी चालवायला सांगितली. चौथ्या पायरीला गोंदण डोळ्यांदेखत गेलं. ‘स्किन क्लीन’. चेहऱ्यावरचे डाग शोधून पुसणारं टूल. त्याच्या हिशेबी गोंदणही डागच.

“याले हाई कोणी शिकाडं?” नाना स्क्रीनकडे बोट करून म्हणाले.

“मीच, नाना. लग्नसराईत.”

अल्बम लवकर होतात म्हणून तेव्हा त्यांनीच माझी पाठ थोपटली होती. आता त्यांनी त्या पायरीवरची टिक काढली आणि बाजूला झाले.

अकरा दहाला प्रिंट आली. अक्कांनी काचेवरून, बरोबर हनुवटीवर, बोट फिरवलं. “शे,” म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

नानांनी दोन चहा सांगितले. माझा तसाच राहिला. मागच्या महिन्यात मी आईचा फोटो फ्रेम करून गावी पाठवला होता. एफ-फाइव्हनंच. फोन लावला.

“फोटो पाहून काही बोलली नाहीस तू.”

“काय बोलायचं? गोंदण दिसलं नाही. म्हटलं, तिकडं असाच काढत असतील.”

तिला दुसरी फ्रेम पाठवली. चौथी पायरी आता ॲक्शनमध्ये नाही, लागली तर हातानं करतो. आणि लग्नाच्या अल्बममध्ये आधी म्हाताऱ्या बायकांचे चेहरे मूळ फोटोशी ताडून बघतो. नवरीचा नंतर.