गॅसबत्तीचं मेंटल

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि जिच्यापाशी बोलायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असलात तर दुकानातला तो बडबड्या म्हणून, ज्याच्याकडे फोन दुरुस्तीला टाकला की सल्ले फुकट मिळतात.

बोईसरला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. भिजलेला फोन तांदळात ठेवू नका. तांदूळ पाणीबिणी काही ओढत नाही, उलट त्याची पूड आत जाते. बंद करा आणि लगेच घेऊन या. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली ठेवू नका, त्यालाही श्वास घेऊ द्या. असं मी दिवसभर सांगत असतो, आणि खरं तेच सांगतो. दुकानात तरी.

बघा, विषयाला अजून हात घातला नाही. घालतो.

मला यंत्रांचं वेड आहे. हवेतली धूळ मोजणारं, कुंडीतल्या मातीचा ओलावा सांगणारं, भिंतीच्या आतली वायर शोधणारं — असलं काहीही दिसलं की मी मागवतोच. बायको त्यांना ‘तुमची खेळणी’ म्हणते. काही वर्षांपूर्वी मी किरणं मोजायचं यंत्र मागवलं. मुठीत मावेल एवढं, मागे कापडी कव्हर. किरण आत शिरला की ‘टिक’ करतं, बस्स. पण तुम्हाला ठाऊक आहे का, ते कुठेही ठेवलं तरी टिकटिकतं? आभाळातून किरणं येतात, दगडातून येतात, केळ्यातून येतात, आपल्या स्वतःच्या हाडांमधूनही येतात. आपण जेवतो, भांडतो, झोपतो आणि ती आपल्या आरपार जात राहतात. काही बिघडत नाही.

पहिल्या दुपारी शटर अर्धं ओढून मी ते काउंटरवर ठेवलं आणि नुसता ऐकत बसलो. एक टिक. मग बराच वेळ काही नाही. मग दोन लागोपाठ. पाऊस थांबल्यावर वळचणीचं पाणी ठिबकतं ना, तसं. प्रत्येक थेंब कुठून निघाला असेल? एखाद्या विझलेल्या ताऱ्याकडून? की माझ्याच बरगडीतून? कारखान्यातला एक कामगार फोन घ्यायला आला आणि म्हणाला, “सेठ, ये घड़ी है क्या? ठीक से चल नहीं रही.” मी हसलो. त्या दुपारी मी फार सुखी होतो.

आमचं गाव बोईसरच्या पश्चिमेला, मुरब्याच्या अलीकडे. पानवेलीचे मांडव, मोगरा, नारळ आणि मागे खाडीची हवा. किनाऱ्यावर उभं राहिलं की लांब तारापूरचा अणुवीज प्रकल्प दिसतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. लहानपणापासून तो तिथेच आहे. पण बाहेरच्या माणसाला गाव सांगितलं की त्याच्या भुवया जराशा वर जातातच. मी यंत्र घेऊन सगळीकडे हिंडलो — किनारा, विहीर, मांडव, पालघरचा बाजार. सगळीकडे तीच आळशी टिकटिक. खरं सांगू? माझी थोडी निराशा झाली.

मग माळ्यावर वडिलांची जुनी गॅसबत्ती सापडली, आणि तिच्यासोबत मेंटलचं न फोडलेलं पाकीट. मेंटल म्हणजे बत्तीत बांधायची ती जाळीदार पिशवी, जी पेटली की पांढरीशुभ्र उजळते. तो पांढरा उजेड पडावा म्हणून जुन्या मेंटलमध्ये थोरियम घालत, आणि थोरियमातून किरणं निघतात. हे वाचून माहीत होतं, ऐकलं मात्र त्या दिवशी. पाकिटाजवळ नेताच यंत्र तडतडायला लागलं, कढईत मोहरी टाकल्यासारखं! लग्नाच्या मांडवांत, लहानपणीच्या भजनांत डोक्यावर टांगलेली ती बत्ती — आणि तिच्या पोटात हे! कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला चैन पडेना. पाकीट मी यंत्राच्या कव्हरात सरकवलं आणि शेजारी गेलो.

शेजारी शकूकाकी. आमची सख्खी नाही, पण तिच्या ओट्यावर मी वाढलोय. काका गेल्यापासून एकटीने वाडी सांभाळते. तिची मुलगी स्वाती मला राखी बांधते. त्या आठवड्यात स्वाती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला सोडायला जावई समीर नाशिकहून आला होता. काकीने मागची खोली सारवून घेतली होती. बाज नव्याने विणून घेतली होती. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून, धुऊन, उन्हं देऊन घडी करून ठेवली होती. खिडकीबाहेर मोगरा. काकी खोलीच्या दारात उभी राहून आतलं सगळं पुन्हा पुन्हा बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही दिसतं. म्हणून तर सांगतोय.

समीरच्या मनगटावर नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ होतं. माझं यंत्र बघून तो म्हणाला, “हे खेळण्यातलं आहे हो. काहीही आकडे दाखवतात ही.” आणि हसला. स्वातीही हसली. तसं काही लागेल असं बोलला नव्हता तो. पण मला लागलं.

मी मागच्या खोलीत गेलो आणि बाजेच्या उशाशी यंत्र धरून चालू केलं. कव्हरात मेंटल होतंच. तडतडायला लागलं.

सगळी माणसं दाराशी गोळा झाली.

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. “घाबरलात ना? हे बघा —” असं म्हणायचं आणि पाकीट बाहेर काढायचं. केवढंसं वाक्य! सगळे हसले असते, काकीने पाठीत धपाटा घातला असता, चहा झाला असता. पण समीर दोन पावलं पुढे आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “दादा, म्हणजे काय हो?”

तोवर त्याने मला दादा म्हटलं नव्हतं.

ते मला आवडलं. हे सांगताना लाज वाटते, पण तेवढंच कारण आहे. दुसरं शोधून सापडत नाही. मी म्हणालो, “इथे जरा जास्त दाखवतंय.”

काकीने माझा दंड धरला. “जास्त म्हंजे काय रे बाबू? माजी पोर निजायची हाय तिथं.”

“बघायला पाहिजे, काकी,” मी म्हणालो. डॉक्टर बोलतात त्या सुरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं परत निघाली. स्वाती गाडीत मागे बसली होती, एक हात पोटावर. काकीने दुपट्यांचं गाठोडं खिडकीतून आत दिलं, आणि समीरने ते हलकेच परत केलं. मी गल्लीत उभा होतो. पाकीट माझ्या खिशात होतं. मी काय केलं असेल? हात हलवला.

पहिलं खोटं निसटलं असं एखाद्याला म्हणता येईल. दुसरं मात्र मी पूर्ण शुद्धीत बोललो. काही दिवसांनी समीरचा फोन आला — दादा, पुन्हा एकदा मोजून बघता का, स्वाती रडतेय, तिला आईकडेच यायचंय. देवाने दुसरी संधी द्यावी तशी संधी होती ती. मी खोलीत गेलोसुद्धा. पाकिटाशिवाय. टिक. शांतता. टिक. काकी दारातून माझ्या तोंडाकडे बघत होती. आता कमी आहे म्हटलं तर तेव्हा जास्त का होतं, हे कोण सांगणार? मी फोनवर सांगितलं, तसंच आहे.

बाळंतपण नाशिकला झालं. मुलगी झाली. काकीने बाजेची नवी वीण सोडून ती अंगणात उभी केली.

मग एका दुपारी ती पानं खुडत होती, मी मांडवाच्या सावलीत उभा होतो. हिरवा उजेड, पानांचा तिखट वास, कुठे आवाज नाही. काकी मागे न वळता म्हणाली, “तुजे काका पन त्याच खोलीत निजायचे रे. त्यांना तिनेच नेला काय?”

काकांना तंबाखूने नेलं, हे गावाला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. माझ्या त्या एका वाक्याने तिचं ठाऊक असलेलंही तिच्याकडून काढून घेतलं. आणि मी? मी मांडवाची एक सुटलेली गाठ पुन्हा बांधत बसलो.

तेव्हापासून नातीला काहीही पाठवायचं झालं की काकी आधी माझ्याकडे येते. आळिवाचे लाडू, नारळाच्या वड्या, गजरासुद्धा. डबा काउंटरवर ठेवते, पदराने झाकण पुसते. “तुजं टिकटिक लाव जरा.” मी यंत्र लावतो. दोघं ऐकतो. आभाळातून येतं तेवढंच येतं. “चालेल, काकी,” मी म्हणतो, आणि तिचे खांदे सैल होतात. गिऱ्हाइकं कौतुकाने बघतात. स्वाती वर्षाकाठी एखाद्या दिवशी एकटी येते, संध्याकाळच्या आत परत जाते. अजूनही राखी बांधते.

कधी कधी मला तो मांडव स्वप्नात दिसतो. सगळ्या पानांवर बारीक टिकटिक चालू आहे आणि काकी एकेक पान कानाशी नेऊन विचारते, हे चालेल? हे?

मेंटलचं पाकीट माझ्या खणात आहे. थोरियम विझत विझत अर्धं व्हायलाच पृथ्वीच्या वयाहून जास्त काळ लागतो. टाकून देण्याचं धाडसही झालं नाही मला.

या दिवाळीआधी काकीने ती खोली पाडून घेतली. मला विचारून. मी काय म्हणालो असेन ते तुम्हाला आता सांगायला नको. भिंत आडवी झाली तेव्हा धूळ कितीतरी वेळ उन्हात तरंगत राहिली, आणि ज्या कोपऱ्यात बाज होती तिथे पहिल्यांदाच सकाळचं ऊन पडलं. काकीने मातीच्या ढिगावर यंत्र धरायला सांगितलं. मी धरलं. “आता ठीक आहे,” म्हणालो. तिने डोळे मिटून हात जोडले — यंत्राला.

दिवाळीत नात आली. पहिल्यांदाच राहायला आली. मोगऱ्यापाशी, जिथे खोली होती त्या मोकळ्या जागेवर ती दिवसभर खेळली. काकी ओट्यावर बसून बघत होती. मला बघून आत गेली, डबा घेऊन आली, आणि माझ्या हातावर आळिवाचा लाडू ठेवत म्हणाली, “तू होतास म्हनून माजी पोर वाचली रे, बाबू. नायतर आमाला काय कळलं असतं?”

मी तो लाडू तिच्यासमोर उभा राहून खाल्ला.